वाय-फाय रोमिंग: फोन स्वतः हलतो, कंट्रोलर फक्त वाट मोकळी ठेवतो

वाय-फाय कंट्रोलर, म्हणजे इमारतीतले सगळे अॅक्सेस पॉइंट (वाय-फायचा सिग्नल देणारे खोके, थोडक्यात एपी) एकत्र सांभाळणारं यंत्र किंवा सॉफ्टवेअर, तुमच्या फोनला एका एपीवरून उचलून दुसऱ्यावर ठेवत नाही. एका एपीवरून दुसऱ्यावर असं हलणं म्हणजेच रोमिंग. कधी हलायचं आणि कुठे जायचं हे ठरवण्याचा हक्क ८०२.११ या वाय-फायच्या मानकानं पहिल्यापासून क्लायंटकडे ठेवला आहे. क्लायंट म्हणजे फोन, लॅपटॉप, बारकोड स्कॅनर, जे काही त्या नेटवर्कला जोडलेलं असेल ते. मोबाइल टॉवरच्या जाळ्यात याच्या उलट असतं. तिथे चालू कॉलमध्ये फोन आसपासच्या टॉवरची मोजमापं फक्त कळवतो. त्याला कधी आणि कुठे सोपवायचं ते नेटवर्क ठरवतं. ही सवय डोक्यात ठेवून वाय-फायचा कंट्रोलर उघडला की माणूस ‘फोनला ढकलणारं’ सेटिंग शोधू लागतो. तसं काहीतरी सापडतंही, आणि बरेचदा दुखणं तिथूनच वाढतं.

मग कंट्रोलरच्या हातात उरतं काय? क्लायंटला योग्य वेळी निर्णय घेता यावा अशी परिस्थिती हवेत तयार करणं, आणि त्यानं निर्णय घेतल्यावर त्याला पुन्हा पहिल्यापासून ओळख पटवायला न लावणं. पहिलं काम रेडिओचं, दुसरं सुरक्षेच्या चाव्यांचं आणि आयपी पत्त्याचं. कंट्रोलरच्या पानांवरचे डझनावारी पर्याय चाळताना मी प्रत्येकाला एवढंच विचारतो: तू यातल्या कोणत्या कामाचा? उत्तर मिळालं नाही तर तो पर्याय बंद.

हलण्यात वेळ कुठे जातो

व्हॉइस कॉलमध्ये साधारण दर २० मिलिसेकंदांनी आवाजाचं एक पॅकेट निघतं. एकदोन पॅकेटं हरवली तर समोरचं उपकरण ती पोकळी अंदाजानं भरून काढतं, कानाला कळतही नाही. म्हणूनच आवाजासाठीच्या वाय-फायमध्ये एका एपीवरून दुसऱ्यावर जाणं ५० मिलिसेकंदांच्या आत व्हावं असं लक्ष्य धरतात. ईमेलला दोन सेकंदांचा खंडही जाणवत नाही. व्हिडिओ आधीच साठवलेल्या भागावर वेळ मारून नेतो. तेव्हा ‘आमच्याकडे रोमिंग छान चालतं’ असं कोणी म्हटलं तर आधी विचारावं, तपासलं कशावर?

ही क्रिया तुकड्यांनी पाहू. आधी क्लायंटला सिग्नल कमजोर झाल्याचं लक्षात यावं लागतं. मग तो दुसरे एपी शोधायला बाकीच्या चॅनेलवर डोकावतो. एखादा पसंत पडला की त्याच्याशी ऑथेंटिकेशन आणि रीअसोसिएशनच्या फ्रेमची, म्हणजे जोडणीच्या छोट्या संदेशांची, देवाणघेवाण होते, मग सुरक्षेच्या चाव्या ठरतात, आणि शेवटी जुनाच आयपी पत्ता चालतोय का हे बघितलं जातं. यातली नुसती फ्रेमची देवाणघेवाण एरवीही काही मिलिसेकंदांत उरकते. वेळ जातो तो शोधात आणि चाव्या ठरण्याआधी ओळख पटवण्यात.

शोध का लांबतो? ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात, देशोदेशीच्या नियमांनुसार, २० मेगाहर्ट्झ रुंदीची २५ पर्यंत चॅनेल मिळतात. त्यांतली ५२ ते १४४ या क्रमांकांमधली रडारबरोबर वाटून घेतलेली असतात. त्यांना डीएफएस चॅनेल म्हणतात. तिथे क्लायंटला आपण होऊन ‘कोणी आहे का’ असं विचारायची मुभा नसते, गप्प राहून एपीच्या बीकनची, म्हणजे तो ठरावीक वेळानं देत असलेल्या ‘मी इथे आहे’ या हाकेची, वाट बघावी लागते. बीकन साधारणपणे दर १०२.४ मिलिसेकंदांनी येतो. म्हणजे अशा प्रत्येक चॅनेलवर शंभरेक मिलिसेकंद गेले. क्लायंट मधून मधून आपल्या मूळ चॅनेलवर परततो, त्यामुळे या काळात संपर्क पूर्ण तुटत नाही. पण सगळा पट्टा असा पालथा घालायला काही सेकंद लागू शकतात, आणि चालणारा माणूस तेवढ्यात कोपरा ओलांडून जुन्या एपीच्या आवाक्याबाहेर गेलेला असतो.

ओळख पटवण्याचा खर्च सुरक्षेच्या प्रकारावर ठरतो. सगळ्यांना एकच पासवर्ड असेल तर चार फ्रेमची एक छोटी देवाणघेवाण पुरते. प्रत्येकाला वेगळं खातं किंवा प्रमाणपत्र असेल, म्हणजे ८०२.१एक्स वापरलं असेल, तर क्लायंट आणि ओळख तपासणारा रेडियस सर्व्हर यांच्यात अनेक फेऱ्या होतात. सर्व्हर त्याच इमारतीत असला तरी यात शेकडो मिलिसेकंद जातात. दूरच्या डेटा सेंटरमध्ये असेल तर सेकंदाच्या पुढे. प्रत्येक एपी बदलताना हे सगळं नव्यानं झालं, तर चालता चालता कॉल टिकणं अशक्य.

आधी हवा, मग सेटिंग

तक्रार आली की बहुतेक जण पहिला हात ८०२.११आर या जलद रोमिंगच्या पर्यायाच्या चौकोनाला लावतात (त्याबद्दल पुढे). माझ्या मते पहिला हात ट्रान्समिट पॉवरला, म्हणजे एपी किती जोरानं बोलतो त्याला, लावावा.

क्लायंट कधी हलायचं ठरवतो याचे नियम बहुतेक कंपन्या सांगत नाहीत. अॅपलनं मात्र ते जाहीर केले आहेत. आयफोन सिग्नल उणे ७० डीबीएमपर्यंत असताना आहे तिथेच राहतो (डीबीएम हे सिग्नलच्या ताकदीचं माप; उण्यातला आकडा जितका मोठा तितका सिग्नल कमजोर). त्याखाली गेल्यावर शोध सुरू करतो, आणि डेटाची ये-जा चालू असेल तर निदान ८ डेसिबलनं चांगला, नसेल तर १२ डेसिबलनं चांगला एपी मिळाला तरच हलतो. मॅकबुकचा उंबरठा उणे ७५ आणि फरक १२ डेसिबल. हे आकडे मांडणीच्या कामात थेट वापरता येतात. कॉलवर असलेल्या आयफोनला जिथे जुना एपी उणे ७० वर दिसतो, तिथेच शेजारचा एपी उणे ६२ किंवा त्याहून बरा दिसायला हवा. तसा तो दिसत नसेल तर फोन खालावत जाणाऱ्या सिग्नलला धरून बसणार, आणि त्यात कंट्रोलरचा काही दोष नसणार. आवाजासाठी मांडणी करताना प्रत्येक ठिकाणी एक एपी उणे ६७ डीबीएमपेक्षा बरा आणि दुसराही जवळपास तेवढाच बरा मिळावा, हा जुना नियम यासाठीच आहे.

हे वाचून कोणालाही वाटेल, मग एपीची पॉवर वाढवू. नेमकं तेच करू नये. फोनचा रेडिओ छोटा, बॅटरीवर चालणारा; तो बहुधा १५ डीबीएमच्या आसपास किंवा त्याहून कमी ताकदीनं बोलतो. एपी २३ डीबीएमनं बोलू लागला तर तो फोनच्या सहापट जोरानं बोलतोय असं समजा. फोनला एपी स्वच्छ ऐकू येतो, म्हणून तो समाधानात राहतो. एपीला मात्र फोन नीट ऐकू येत नाही. पडद्यावर वाय-फायच्या सगळ्या कांड्या, आणि समोरचा म्हणतोय, ‘आवाज येत नाहीये.’ असा एपीला चिकटून राहणारा क्लायंट तयार करण्याचा सोपा उपाय म्हणजे पॉवर वाढवणं. जवळपास प्रत्येक कंट्रोलरमध्ये पॉवर आपोआप कमीजास्त करणारी यंत्रणा असते. ती बंद करायची गरज नाही, पण तिला वरची आणि खालची मर्यादा घालून द्यावी. वरची मर्यादा तुमच्या सर्वांत दुबळ्या महत्त्वाच्या उपकरणाच्या ताकदीजवळ, आणि खालची इतकी की एखाद्या रात्री यंत्रणेनं सगळे एपी कुजबुजण्यावर आणून ठेवू नयेत.

पॉवरनंतर डेटा रेट, म्हणजे डेटा पाठवण्याचे वेग. २.४ गिगाहर्ट्झवरचे १, २, ५.५ आणि ११ मेगाबिटचे जुने दर चालू असले की क्लायंट फार दूरवरूनही, रडतखडत का होईना, जोडलेला राहू शकतो. ते बंद केले आणि ५ गिगाहर्ट्झमध्ये १२ मेगाबिट हा सर्वांत कमी अनिवार्य दर ठेवला, तर दूरच्या एपीला चिकटून राहण्याची सोय संपते. शिवाय बीकनही त्या जलद दरानं जाऊ लागतात, त्यामुळे हवेतला वेळ वाचतो. एपी विरळ बसवलेले असतील तर मात्र हा बदल घाईनं करू नका. जिथे सिग्नल आधीच जेमतेम आहे तिथली उपकरणं सरळ बाहेर फेकली जातील.

चॅनेलची यादीही आखडती ठेवावी. एपी थोडे असतील तर पट्ट्यातली सगळी चॅनेल वापरायची गरज नसते, आणि जितकी चॅनेल कमी तितका क्लायंटचा शोध लवकर संपतो. डीएफएस चॅनेल सरसकट टाळा असं मी म्हणणार नाही. गर्दीच्या ठिकाणी त्यांच्याशिवाय भागत नाही. २.४ गिगाहर्ट्झबद्दल थोडक्यात: १, ६, ११ सोडून दुसरं काही नको, आणि आवाजाचं काम तिथे करायचंच नाही.

चाव्यांचा हिशेब

डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए३ या वाय-फायच्या सुरक्षापद्धती. त्यांच्या नेटवर्कवर दोन पातळ्यांच्या चाव्या असतात. ओळख पटली की एक मुख्य चावी तयार होते, तिला पीएमके म्हणतात. तिच्यापासून, चार फ्रेमच्या देवाणघेवाणीतून, त्या एका एपीपुरती कामाची चावी निघते. तीच प्रत्यक्ष डेटा कुलूपबंद करते. वेळ खातं ते मुख्य चावी मिळवणं. तेव्हा जलद रोमिंगच्या सगळ्या युक्त्यांचा गाभा एकच: मुख्य चावी एकदाच मिळवा, पुढच्या एपीवर तीच कामी आणा.

यातली साधी युक्ती म्हणजे ऑपॉर्च्युनिस्टिक की कॅशिंग, ओकेसी. कंट्रोलर मुख्य चावी आपल्याकडे ठेवतो आणि क्लायंट नव्या एपीवर आला की म्हणतो, ‘याला मी ओळखतो.’ रेडियसची फेरी वाचते, चार फ्रेमची देवाणघेवाण मात्र होतेच. विंडोजच्या जगात हे बरंच चालतं. अॅपलच्या उपकरणांनी याला कधी हात लावला नाही.

२००८ मध्ये आलेलं ८०२.११आर एक पाऊल पुढे गेलं. त्यात मुख्य चावीपासून उतरत्या क्रमानं चाव्या निघतात. वरची, आर-शून्य, जिथे पहिल्यांदा ओळख पटली तिथे राहते. तिच्यापासून प्रत्येक एपी किंवा कंट्रोलरसाठी वेगळी आर-एक चावी तयार होते. क्लायंट नव्या एपीकडे जातो तेव्हा कामाची चावी ठरवण्याचं काम ऑथेंटिकेशन आणि रीअसोसिएशनच्या फ्रेममध्येच उरकलं जातं. एकूण चार फ्रेम, आणि काम संपलं. हे सगळे एपी एका कुटुंबातले आहेत हे क्लायंटला कळावं म्हणून बीकनमध्ये दोन बाइटचा मोबिलिटी डोमेन क्रमांक असतो. तो सगळीकडे तोच असायला हवा. एका मजल्यावर एक आणि दुसऱ्या मजल्यावर दुसरा क्रमांक असेल, तर जिना चढताना ८०२.११आर नसल्यासारखंच.

या सेटिंगच्या शेजारी आणखी एक निवड असते: चाव्यांची बोलणी थेट हवेतून नव्या एपीशी करायची, की जुन्या एपीमार्फत तारेच्या नेटवर्कवरून. कागदावर दुसरा मार्ग हुशारीचा वाटतो. पण ज्या एपीचा सिग्नल ढासळतोय म्हणून तुम्ही निघालात, त्याच्यामार्फतच पुढचं बोलणं करायचं हे मला पटत नाही. हवेतूनचा मार्ग ठेवा.

८०२.११आरचा फायदा कुठे किती, हेही बघायला हवं. एकच सामायिक पासवर्ड असलेल्या डब्ल्यूपीए२ नेटवर्कवर मुख्य चावी पासवर्डपासूनच निघते, रेडियस मुळात नसतोच. तिथे वाचतात त्या फक्त चार फ्रेम. ८०२.१एक्सवर मात्र फरक जमीन-अस्मानाचा. डब्ल्यूपीए३ च्या पासवर्डवाल्या प्रकारातही, ज्याला एसएई म्हणतात, फायदा होतो, कारण त्यातली सुरुवातीची गणितं जड असतात आणि दर एपीला ती पुन्हा करणं परवडत नाही.

तोटा? जुनी उपकरणं. बीकनमध्ये जलद रोमिंगचा अनोळखी सुरक्षाप्रकार दिसला की काही जुने ड्रायव्हर गोंधळतात आणि नेटवर्कला जोडलेच जात नाहीत. छापखान्यातला जुना लेबल प्रिंटर किंवा गोदामातला जुना स्कॅनर हे ठरलेले गुन्हेगार. यासाठी साधा आणि जलद असे दोन्ही प्रकार एकाच एसएसआयडीवर, म्हणजे नेटवर्कच्या एकाच नावावर, जाहीर करता येतात. बहुतेक नव्या उपकरणांना ते चालतं. तरीही जी अडून बसतील त्यांच्यासाठी वेगळा एसएसआयडी काढणं हे, दिसायला ओबडधोबड असलं तरी, सर्वांत कमी त्रासाचं. आणि हो, २०१७ मध्ये उघड झालेल्या क्रॅक या त्रुटींच्या मालिकेतली एक ८०२.११आरच्या देवाणघेवाणीतली होती, आणि तिची दुरुस्ती एपीच्या बाजूनं करायची होती. त्याआधीचं फर्मवेअर चालवत असाल तर ८०२.११आर चालू करण्याआधी ते बदला.

सुचवणं आणि हुसकावणं

८०२.११के आणि ८०२.११व्ही यांची नावं ८०२.११आरबरोबर एका दमात घेतली जातात, पण त्यांचं काम वेगळं आहे. के मुळे क्लायंटला शेजारच्या एपींची आणि त्यांच्या चॅनेलची यादी मागता येते. मग पंचवीस चॅनेल धुंडाळायच्या ऐवजी चार-पाच बघून भागतं. वर सांगितलेला सेकंदांचा शोध इथे आटोक्यात येतो. के चालू ठेवायला मला तरी कधी हरकत वाटत नाही.

व्ही मध्ये एपी क्लायंटला सांगू शकतो, ‘तुझ्यासाठी तो पलीकडचा बरा.’ हे सुचवणं आहे. क्लायंट नाही म्हणू शकतो, आणि म्हणतोही. इथवर ठीक. पण त्याच पानावर ‘ऐकलं नाहीस तर थोड्या वेळानं तोडून टाकीन’ अशी सूचना पाठवण्याचा पर्याय असतो. तो चालू केला की सूचनेची धमकी होते. त्याच जातीचं दुसरं सेटिंग म्हणजे किमान सिग्नलची अट: ठरावीक पातळीखाली गेलेल्या क्लायंटला एपी सरळ हाकलतो. हाकललेला क्लायंट शहाणपणानं दुसरीकडे जाईल असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात तो बऱ्याचदा परत त्याच एपीवर येऊन दार ठोठावतो, पुन्हा हाकलला जातो, आणि वापरणाऱ्याला फक्त तुटक कॉल मिळतो.

लोड बॅलन्सिंग आणि ५ गिगाहर्ट्झकडे वळवणारी बँड स्टिअरिंग हेही याच रांगेतले. भरलेला एपी नव्या क्लायंटला मुद्दाम नाकारतो, किंवा २.४ वरच्या पहिल्या हाका न ऐकल्यासारखं करतो. एका जागी बसून काम करणाऱ्यांच्या खोलीत याचा उपयोग होतो. पण कॉलवर असलेला माणूस चालत चालत येतोय आणि नवा एपी त्याला दोनदा नकार देतोय, हे दृश्य डोळ्यांसमोर आणा. आवाजाच्या एसएसआयडीवर दोन्ही बंद.

आयपी पत्ता आणि दोन कंट्रोलर

इथे ‘कंट्रोलर’ म्हणजे नेमकं काय हे पाहायला हवं, कारण या एका नावाखाली दोन वेगळ्या प्रकारची यंत्रं खपतात. काहींमध्ये क्लायंटचा सगळा डेटा एपीकडून बोगद्यातून कंट्रोलरपर्यंत येतो आणि तिथून पुढे जातो. सिस्कोनं २००५ मध्ये एअरस्पेस ही कंपनी घेतल्यावर त्यांचे कंट्रोलर याच घडणीचे झाले. एपी आणि कंट्रोलर यांच्यातला कॅपवॅप हा प्रोटोकॉल २००९ मध्ये मानक झाला. नियंत्रणासाठी यूडीपी ५२४६ आणि डेटासाठी ५२४७ हे त्याचे पोर्ट. दुसऱ्या प्रकारात, उदाहरणार्थ युनिफायमध्ये, कंट्रोलर म्हणजे सेटिंग ठेवणारं आणि वाटणारं सॉफ्टवेअर; तो बंद पडला तरी वाय-फाय चालू राहतं, आणि चाव्यांची देवाणघेवाण एपी आपसात करतात. तुमच्याकडे कोणता प्रकार आहे हे माहीत नसताना दुसऱ्याची सेटिंग उतरवून घेणं व्यर्थ.

डेटा कंट्रोलरमधून जात असेल तर एका कंट्रोलरखालच्या एपींमधलं रोमिंग सोपं असतं. क्लायंट कुठल्याही एपीवर असला तरी त्याचा डेटा त्याच व्हीलॅनमध्ये, म्हणजे तारेच्या नेटवर्कच्या त्याच वेगळ्या केलेल्या भागात, उतरतो, पत्ता बदलायचं कारण नाही. खरी परीक्षा दोन कंट्रोलरच्या सीमेवर. दोघांचं व्हीलॅन एकच असेल तर जुना कंट्रोलर क्लायंटची नोंद नव्याकडे देऊन मोकळा होतो. वेगळं असेल तर जुना कंट्रोलर ‘अँकर’ राहतो आणि नवा ‘फॉरिन’ होतो. घर बदललेल्या माणसाची पत्रं जुन्या पत्त्यावर येत राहावीत आणि तिथून कोणीतरी ती पुढे पाठवावीत, तसा क्लायंटचा डेटा अँकरवर येतो आणि बोगद्यातून फॉरिनकडे जातो. क्लायंटला पत्ता बदलावा लागत नाही, चालू कॉल टिकतो.

हे व्हायचं तर कंट्रोलरची आपसात ओळख हवी. सिस्कोमध्ये त्यासाठी मोबिलिटी ग्रुप असतो. एअरओएस ही प्रणाली चालवणाऱ्या जुन्या कंट्रोलरमध्ये एका ग्रुपमध्ये २४ कंट्रोलर बसतात. त्यांच्यातलं नियंत्रण यूडीपी १६६६६ वरून चालतं. डेटा एअरओएसमध्ये मूळ रचनेत आयपी प्रोटोकॉल ९७ वरून जातो, तर नव्या कॅटॅलिस्ट ९८०० कंट्रोलरमध्ये यूडीपी १६६६७ वरून. मधल्या फायरवॉलनं नियंत्रण सोडलं आणि डेटा अडवला तर कंट्रोलरची एकमेकांशी ओळख दिसते, क्लायंट हलतोही, पण त्याचा डेटा कुठेच पोहोचत नाही. हा दोष शोधायला त्रासदायक, कारण वरवर सगळं जोडलेलं दिसतं. म्हणून नियंत्रण आणि डेटा या दोन्ही वाटा वेगवेगळ्या तपासाव्यात. ग्रुपचं नाव अक्षरन् अक्षर जुळलं पाहिजे. नाव वेगळं पण एकमेकांच्या यादीत नोंद असेल तर क्लायंटचा पत्ता टिकतो, चाव्या मात्र दिल्या जात नाहीत, आणि ८०२.१एक्सची पूर्ण फेरी पुन्हा होते. एअरओएसवर व्हर्च्युअल इंटरफेसचा आयपी पत्ताही सगळ्या कंट्रोलरवर एकच हवा.

दोन कंट्रोलरवरची वाय-फायची सेटिंग शेजारी शेजारी ठेवून वाचायला कंटाळू नका. एसएसआयडीतलं लहान-मोठं अक्षर, सुरक्षेचे प्रकार, व्यवस्थापन फ्रेमचं संरक्षण एका ठिकाणी अनिवार्य आणि दुसऱ्या ठिकाणी ऐच्छिक, यांतला एक फरकही पुरे होतो.

शाखा कार्यालयांसाठीच्या सिस्कोच्या फ्लेक्सकनेक्ट पद्धतीत डेटा एपीवरूनच स्थानिक स्विचवर उतरतो. तिथे अँकरची सोय नाही. रोमिंग होणारे सगळे एपी त्याच व्हीलॅनमध्ये हवेत. नसतील तर क्लायंट जुना पत्ता घेऊन परक्या व्हीलॅनमध्ये अडकतो आणि पुन्हा डीएचसीपी होईपर्यंत, म्हणजे आपोआप नवा पत्ता मिळेपर्यंत, मुका राहतो. चाव्याही एका गटापुरत्याच वाटल्या जातात. ९८०० वर तो गट म्हणजे साइट टॅग, आणि मूळचा डीफॉल्ट साइट टॅग या कामाला चालत नाही, स्वतःचा बनवावा लागतो. आणखी एक गोष्ट स्विचकडे बघितल्याशिवाय सापडत नाही. एपीच्या पोर्टवर पोर्ट सिक्युरिटी लावलेली असेल, तर क्लायंटचा मॅक पत्ता (उपकरणाची ओळख सांगणारा क्रमांक) एका पोर्टवरून दुसऱ्यावर गेलेला पाहून स्विच त्याला घुसखोर समजतो. वाय-फायवाले एपी तपासत राहतात, दोष असतो तारेच्या बाजूला.

‘डीएचसीपी अनिवार्य’ हे सेटिंगही आवाजाच्या एसएसआयडीवर बंद ठेवावं. बरेच फोन रोमिंगनंतर पत्ता पुन्हा मागत नाहीत; नव्या कंट्रोलरला त्यांची नोंद मिळाली नाही, तर तो त्यांना दाराबाहेरच ठेवतो.

६ गिगाहर्ट्झची अडचण

६ गिगाहर्ट्झ या वाय-फायच्या नव्या पट्ट्यात डब्ल्यूपीए२ ला प्रवेशच नाही. तिथे डब्ल्यूपीए३ किंवा, पासवर्ड नसलेल्या नेटवर्कवर, एनहान्स्ड ओपन हवं. आता एकाच नावाचा एसएसआयडी ५ गिगाहर्ट्झवर डब्ल्यूपीए२ आणि ६ गिगाहर्ट्झवर डब्ल्यूपीए३ असा ठेवला, तर क्लायंटच्या लेखी ती दोन वेगळ्या सुरक्षेची जागा ठरते. चाव्या एकीकडून दुसरीकडे नेता येत नाहीत. प्रत्येक वेळी नव्यानं ओळख, आणि काही उपकरणं तर आपण होऊन तिकडे वळतच नाहीत. रोमिंग महत्त्वाचं असेल तर दोन्ही पट्ट्यांवर सुरक्षा एकसारखी करणं हाच मार्ग दिसतो, आणि तो जुन्या उपकरणांना बाहेर काढल्याशिवाय मोकळा होत नाही. शोधाच्या बाबतीत मात्र ६ गिगाहर्ट्झ सुखाचं आहे. पूर्ण पट्टा खुला असेल तिथे २० मेगाहर्ट्झची ५९ चॅनेल असली, तरी २.४ आणि ५ वरचे बीकनच शेजारच्या ६ गिगाहर्ट्झच्या रेडिओची माहिती देतात, आणि थेट शोधासाठी १५ चॅनेल राखून ठेवलेली आहेत.

तपासायचं कसं

पिंग म्हणजे ‘आहेस का’ असं विचारणारं चाचणीचं पॅकेट. नेहमीचा पिंग सेकंदाला एक जातो. मधल्या वेळात ३०० मिलिसेकंदांची पोकळी येऊन गेली तरी तो ‘एकही हरवलं नाही’ असं सांगेल. म्हणून पिंगचं अंतर २० मिलिसेकंदांवर आणा, किंवा सरळ कॉल लावून चाला. चाल नेहमीची हवी, आणि जी दारं एरवी बंद असतात ती बंद ठेवून.

हवेतली पॅकेटं पकडता येत असतील तर जुन्या आणि नव्या अशा दोन्ही एपींच्या चॅनेलवर एकदम पकडा. नव्या एपीकडे गेलेल्या ऑथेंटिकेशन फ्रेममध्ये अल्गोरिदमचा क्रमांक २ दिसला तर ८०२.११आर खरोखर वापरलं गेलं. ० दिसला आणि मागोमाग ईएपीची, म्हणजे ८०२.१एक्सच्या ओळख पटवणाऱ्या फ्रेमची, रांग लागली तर सेटिंगच्या पानावर बरोबरची खूण असूनही ते वापरलं गेलेलं नाही. रीअसोसिएशनच्या जागी नुसतं असोसिएशन दिसलं तर क्लायंट हललाच नाही. तो तुटला आणि नव्यानं जोडला गेला. कंट्रोलरच्या नोंदींची हवेतल्या पॅकेटांशी सांगड घालायची तर सगळ्या कंट्रोलरची घड्याळं एनटीपीनं जुळलेली हवीत.

कधी तक्रार रोमिंगची असते आणि कारण भलतंच. माणूस जागेवर बसलेला असताना बरोबर अर्ध्या तासानं कॉल अडखळत असेल तर सेशन टाइमआउट बघा. एअरओएसवर त्याचा मूळ आकडा १८०० सेकंदांचा असतो आणि तो संपला की ओळख नव्यानं पटवावी लागते. कामाच्या पाळीपेक्षा तो मोठा ठेवला की ही तक्रार थांबते.

आणि सगळं जुळूनही एकाच मॉडेलचे लॅपटॉप मागे रेंगाळत असतील तर कंट्रोलर सोडा, लॅपटॉप उघडा. विंडोजवर इंटेलच्या वाय-फाय कार्डाच्या प्रगत सेटिंगमध्ये ‘रोमिंग अॅग्रेसिव्हनेस’ नावाचा पाच पायऱ्यांचा पर्याय असतो, आणि तो मूळचा मधल्या पायरीवर ठेवलेला असतो. सतत फिरणाऱ्यांच्या लॅपटॉपवर तो एक पायरी वर न्यावा. शेवटच्या पायरीवर नेला तर लॅपटॉप जागेवर ठेवलेला असतानाही दोन एपींमध्ये येरझाऱ्या घालू लागतो. अर्थात त्याआधी ड्रायव्हर नवा आहे का हे बघून घ्यावं. पुष्कळदा तेवढ्यानंच भागतं.